पोस्टर म्हणजे भिंतीला चिकटवलेला पेपर नाही

संशोधकांची कॉन्फरन्स जवळ आली की आपलं संशोधन एका मोठ्या कागदावर मांडायच्या पोस्टरसाठी ‘उत्तम पोस्टरचे नियम’ नावाचा एक मेसेज फिरायला लागतो. रिसर्च पेपरमधलं सगळं घ्या, जागा रिकामी सोडू नका, सगळं 300 डीपीआयच (दर इंचाला 300 ठिपके) हवं, रंग भरपूर वापरा, कोपऱ्यात क्यूआर कोड टाका. पोरं खरंच तसं करतात, म्हणून एकेक मुद्दा घेतोच.

‘सगळं घ्या’. अरे पण वाचणार कोण? समोरचा माणूस दीड-दोन मीटरवर उभा, आजूबाजूला गोंगाट, अजून ढीगभर पोस्टर बघायचेत, आणि तुम्ही त्याला लिटरेचर रिव्ह्यू, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा, वाचायला लावताय. साधारण 300 ते 800 शब्द पुरतात, त्यातही कमी तितकं बरं. अ‍ॅबस्ट्रॅक्ट, म्हणजे पेपरचा छोटा सारांश, तर आयोजकांनी मागितला नसेल तर सरळ उडवा, कारण अख्खा पोस्टरच अ‍ॅबस्ट्रॅक्ट असतो. माइक मॉरिसन हा मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत सायकॉलॉजीची पीएचडी करत होता, त्यानं 2019 मध्ये व्हिडिओ टाकून सांगितलं की मुख्य निष्कर्ष मधोमध, मोठ्या अक्षरात, साध्या भाषेत लिहा आणि बाकीचं बाजूच्या पट्ट्यांत ढकला. मला ते प्रत्येक वेळी पटत नाही, तुमचं नवेपण पद्धतीत असेल तर मधे वाक्याऐवजी आकृतीच हवी, पण दिशा बरोबर आहे.

‘रिकामी जागा नको’ याचं उत्तरही त्यातच आलं. मोकळी जागा नसेल तर नजर कुठून सुरू करायची तेच कळत नाही.

‘300 डीपीआयच’. हा आकडा हातात धरून वाचायच्या छपाईचा. पोस्टरचा ए-झीरो कागद म्हणजे 841 बाय 1189 मिलिमीटर, त्याला 300 लावलं तर जवळपास 14 कोटी पिक्सेल होतात, फाइल उघडतानाच लॅपटॉप हात टेकतो. दोन मीटरवरून बघायला फोटो छापायच्या साइझला 150 असले तरी चालतात. आणि ग्राफ ठिपक्यांऐवजी रेघांच्या रूपात (व्हेक्टर) पीडीएफ किंवा एसव्हीजी फाइलमध्ये काढला की हा प्रश्नच मिटतो, कितीही ताणा, फुटत नाही. फुटतात ते वेबसाइटवरून उचललेले लोगो आणि स्क्रीनशॉट, त्याबद्दल मेसेज गप्प.

‘भरपूर रंग’. एकाच ग्राफवर लाल आणि हिरवी रेघ काढली तर रंगांधळ्या माणसाला दोन्ही सारख्याच दिसू शकतात. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण 8 टक्क्यांच्या आसपास आहे, इतर ठिकाणी थोडं कमी, म्हणजे बघणाऱ्यांत असा कोणीतरी असणारच. निळा-केशरी घ्या, आणि लेजंडची (कोणता रंग कशाचा ते सांगणारी) वेगळी चौकट करण्यापेक्षा नाव सरळ रेघेच्या टोकाशी लिहा.

क्यूआर कोड जरूर टाका, पण दोन सेंटिमीटरचा ठिपका काय कामाचा? स्कॅन करायच्या अंतराच्या साधारण दहावा भाग ठेवा, एक मीटरवरून करायचा तर दहा सेंटिमीटर. आणि लिंक उघडल्यावर पैसे मागणारं जर्नलचं पान येणार असेल तर नसलेलाच बरा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अक्षर किती मोठं हवं, त्यावर मेसेजमध्ये चकार शब्द नाही! मजकूर निदान 24 पॉइंट ठेवा. छापायला देण्याआधी ए-झीरोची फाइल ए-फोरवर काढा, ती लांबी-रुंदीत बरोब्बर चौपट लहान होते, म्हणजे 24 चे 6 पॉइंट. कागद हातभर लांब धरून ग्राफच्या अक्षांवरचे आकडे वाचून बघा, बहुतेक वेळा तेच आधी गायब झालेले असतात.