२३ विरुद्ध १

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत ठराव मंजूर झाला की घरात अंडी-मासळी शिजवणाऱ्या भाडेकरूला यापुढे कोणीही फ्लॅट देऊ नये. बाजूने २३ मते पडली आणि विरोधात माझे एकच. मी स्वतः अंडेही खात नाही, त्यामुळे पुष्कळांना नवल वाटले. “काका, लोकशाही आहे, बहुमताने ठरले म्हणजे ठरले,” असे सचिव म्हणाले आणि चहा आला.

पाण्याची टाकी कधी धुवायची, लिफ्टची दुरुस्ती कोणाला द्यायची, हे हात मोजूनच ठरवावे लागते. शेजाऱ्याच्या ताटात काय असावे ही गोष्ट मात्र सामाईक नाही, आणि जे सामाईक नाही ते मताला टाकण्याचा अधिकार आम्हाला कोठून मिळाला, याचे उत्तर सभेत कोणी दिले नाही.

हे बडोद्यात घडले याचे मला जास्त वाईट वाटते. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेला गेलेले डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये संस्थानाच्या नोकरीसाठी येथे आले, तेव्हा जात कळताच त्यांना पारशी धर्मशाळेतून हुसकावण्यात आले आणि शहरात दुसरीकडे कोठेही जागा न मिळाल्याने ते कमाटीबागेत झाडाखाली बसून राहिले. राजा पुरोगामी होता, सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करणारा होता, तरीही घर देणाऱ्यांचे एकमत त्याच्याहून बलवान ठरले. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत आंबेडकरांनी संविधानाच्या मसुद्याने खेड्याऐवजी व्यक्तीला घटक मानले याबद्दल आनंद व्यक्त केला, आणि तो अनेक सदस्यांना रुचला नाही. त्या उद्गारामागे कमाटीबागेतले ते तास असतील का, असे माझ्या मनात अनेकदा येते.

व्यक्तीला घटक मानणे म्हणजे काय, हे १९८६ च्या एका निकालात दिसते. केरळमधील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण धार्मिक श्रद्धेमुळे गात नसत, म्हणून शाळेने त्यांना काढले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. मतदान घेतले असते, तर त्या मुलांच्या बाजूने किती हात वर झाले असते?

काल सभेच्या इतिवृत्ताचा मसुदा ग्रुपवर आला. त्यात ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ असे लिहिले आहे. मी लेखी हरकत दिली आहे.