मिठावरच्या लेखाला आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. रोज किती मीठ खावं या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, "डॉक्टर नसताना लोकांना उगाच भीती घालू नका. मीठ कमी केलं की सोडियम घटून चक्कर येते. कमी मीठ खाणारेच लवकर जातात असं संशोधन आहे." मतभेद असू देत, पण ही दटावणी कशासाठी?

भीती घातली म्हणता, तर लेखात होतं काय? जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा: दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे 2 ग्रॅमपेक्षा कमी सोडियम. जगाची सरासरी याच्या दुप्पट आहे. 5 ग्रॅम म्हणजे जेमतेम एक छोटा सपाट चमचा, आणि पाव, सॉस, चिप्समधलं मीठही त्यातच धरायचं. पाकिटावर सोडियमचा आकडा असतो, त्याला अडीचने गुणा. 800 मिलिग्रॅम वाचून 'ग्रॅमभरही नाही' म्हणणाऱ्याच्या पोटात 2 ग्रॅम मीठ गेलेलं असतं. हा साधा गुणाकार दाखवला तर ती भीती घालणं कसं झालं?

मी डॉक्टर नाही, बरोबर. पण माझ्या वडिलांचा रक्तदाब कायम चढलेला असायचा. पहिला घास घेण्याआधीच त्यांचा हात मिठाच्या डबीकडे जाई. डबी सरकवली की तुमच्यासारखेच डाफरायचे. पुढे अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला. एकट्या मिठाने गेला असं मी म्हणत नाही. पण त्यांना घास भरवलेल्या माणसाला असं बोलण्याआधी जरा विचार करायचा होतात.

चक्करचं म्हणाल, तर खूप घाम गाळणारे, जुलाबाने गळालेले, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे यांच्यापुरतं मान्य. धडधाकट माणसाचं मूत्रपिंड गरजेपुरतं सोडियम राखून ठेवतं. आणि ते संशोधन: तशा बऱ्याच अभ्यासांत एकदाच घेतलेल्या लघवीच्या नमुन्यावरून रोजच्या मिठाचा अंदाज बांधलाय. भरवशाचं मोजमाप चोवीस तासांची लघवी गोळा करून होतं. यावर आणखी वाद घालायची माझी इच्छा नाही.

राहता राहिलं शेवटचं वाक्य, "एवढीच काळजी असेल तर सगळ्यांनी पोटॅशियमचं मीठ वापरा." मूत्रपिंडाचा विकार असलेल्या किंवा रक्तदाबाची काही ठरावीक औषधं घेणाऱ्या माणसाच्या रक्तात त्याने पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. डॉक्टर तुम्हीही नाही. तेवढं वाक्य कृपया आजच काढून टाका.