चोवीस मीटरचा हट्ट

परवा रविवारी आमच्या भागातल्या सोसायट्यांच्या फेडरेशनची मीटिंग झाली. वेळ साडेदहाची, सुरू झाली सव्वाअकराला, चहा आला बाराला. विषय दोनच. एक, आपल्या समोरचा १२ मीटरचा रस्ता २४ मीटर करून मिळावा. दोन, मागच्या मोकळ्या जमिनींवर येऊ घातलेल्या टॉवरना आपला कडाडून विरोध आहे. दोन्ही ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर. विरोधात एक हात वर होता, तो माझा. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर मी 'बिल्डरची माणूस' झाले होते. ग्रुपवर उत्तर द्यायला गेलं की मध्येच कुणीतरी सुविचार टाकतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

भागाचं नाव लिहीत नाही. जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेच्या हद्दीत जी २३ गावं आली त्यातलं एक, एवढं पुरे.

आधी मान्य करून टाकते, ट्रॅफिक भयंकर आहे. सकाळी आठ ते दहा आमच्या गेटमधून गाडी बाहेर काढणं म्हणजे कुणीतरी दया करेपर्यंत इंडिकेटर लावून बसणं. पावसाळ्यात तर विचारूच नका. तेव्हा 'तुम्हाला त्रास नाही वाटतं' हा प्रश्न कृपया कमेंटमध्ये नको.

पण ते दोन ठराव एकमेकांच्या पायात पाय अडकवून उभे आहेत, हे मला मीटिंगमध्ये सांगायचं होतं आणि सांगू दिलं नाही.

आपल्याकडे डिसेंबर २०२० पासून युनिफाइड डीसीपीआर लागू आहे. मुंबई आणि थोडे अपवाद सोडले तर अख्ख्या राज्याला बांधकामाची ही एकच नियमावली. त्यात एक तक्ता आहे, तो फेडरेशनच्या प्रत्येक पदाधिकाऱ्याने फ्रिजवर चिकटवावा असा आहे. तुमच्या प्लॉटवर किती बांधता येईल हे समोरचा रस्ता किती रुंद आहे त्यावर ठरतं. पुण्यासारख्या महापालिकेत, गावठाणासारखा दाट भाग सोडून, रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येईल ते प्रमाण, १.१०. नऊ ते बाराच्या आत असेल तर प्रीमियम (जादा बांधकामाचं शुल्क) भरून आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा बांधायचा हक्क) घेऊन २ पर्यंत. बारा मीटरला २.२५, पंधराला २.५०, चोवीसला २.७५, तीस आणि पुढे ३. याच्यावर आणखी प्रीमियम भरून निवासी इमारतीला ६० टक्क्यांपर्यंत ॲन्सिलरी, म्हणजे पूरक, एफएसआय मिळतो, तो मी धरतच नाही.

आता एकराचा हिशेब करा. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. बारा मीटरच्या रस्त्यावर एकराला साधारण ९८ हजार चौरस फूट बांधता येतं. तोच रस्ता चोवीस मीटर झाला की १ लाख १९ हजारांच्या पुढे. मोकळ्या जागेची वगैरे वजावट सोडून हा कच्चा हिशेब आहे, पण फरक बघा. एकरामागे जवळजवळ २२ हजार फूट, म्हणजे हजार फुटांचे वीस-बावीस फ्लॅट जास्त. मागे समजा चाळीस एकर मोकळी जमीन असेल तर आठ-नऊशे फ्लॅट. प्रत्येकी दीड गाडी धरायची की दोन, ते तुम्हीच ठरवा, आपलं पार्किंग बघून.

म्हणजे आपण एका कागदावर टॉवर नको म्हणून सह्या केल्या आणि दुसऱ्या कागदावर ते टॉवर चार मजले उंच करून मागितले. स्टेपलर एकच वापरला.

हे मी बोलायला उभी राहिले तेव्हा चेअरमन म्हणाले, "मॅडम, टेक्निकल गोष्टी आपण आर्किटेक्टवर सोडू." सोडा. पण मग ठराव तरी टेक्निकल कशाला करता?

मीटिंगला एक शेतकरी काका आले होते. त्यांची जमीन त्या वाढीव रुंदीत जाते, म्हणून कुणीतरी त्यांना बोलावलं होतं. उशिरा आले, शेवटच्या खुर्चीत बसले. त्यांना दोन मिनिटं दिली. ते एवढंच म्हणाले, "तुम्ही म्हणता रस्त्याला जागा द्या. बरं, दिली. मग म्हणता उरलेल्या जागेवर बांधू नका. मग मी जागा द्यायची कशापायी?" कुणाकडे उत्तर नव्हतं. एक जण म्हणाला, "काका, मोबदला मिळतो ना." मिळतो, पण कशात? बहुतेक वेळा टीडीआरमध्ये. दाट वस्तीबाहेर दिलेल्या जागेच्या दुप्पट. टीडीआर म्हणजे दुसरीकडे कुठेतरी बांधायचा हक्क. रस्त्यासाठी घेतलेली जमीन शेवटी कुठल्यातरी टॉवरचे मजले होऊनच उभी राहते. रोख पैसे द्यायचे तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याने बाजारभावाच्या दुपटीपासून पुढे हिशेब जातो, आणि तेवढी रोकड कुठल्या महापालिकेकडे पडून आहे? विकास आराखड्यातले अर्धवट रस्ते, ज्यांना पुण्यात सगळे 'मिसिंग लिंक' म्हणतात, ते वर्षानुवर्षं तसेच दिसतात त्याचं एक मोठं कारण हेच आहे. आपण मात्र एका ठरावात असा रस्ता दुप्पट केला.

मीटिंग संपल्यावर काकांशी गेटपाशी बोलत उभी होते. त्यांनी आमच्या जिमकडे बोट दाखवून विचारलं, "ताई, इथून आमची गाडीवाट होती. पलीकडच्या वस्तीला जायची. बैलगाडी, मग ट्रॅक्टर. ती कुठे गेली?"

मला खरंच माहीत नव्हतं. घरी येऊन जुना गाव नकाशा शोधला. ज्यांनी कधी बघितला नाही त्यांनी जरूर बघावा. त्यात पायवाट एका तुटक रेषेने दाखवतात, गाडीवाट दोन तुटक रेषांनी. सव्वाआठ फुटांची पायवाट, साडेसोळा ते एकवीस फुटांची गाडीवाट. शेताशेतांतून, बांधाबांधावरून या रेषा जातात, सगळं गाव एकमेकाला जोडलेलं. आमची सोसायटी ज्या गटात आहे तिथूनही दोन तुटक रेषा जातात. बरोब्बर जिमच्या खालून म्हणणार नाही, त्याला मोजणी लागेल. पण आमच्या आणि शेजारच्या सोसायटीच्या मधल्या भिंतीच्या आसपास कुठेतरी.

तेव्हापासून मला आपला भाग वेगळाच दिसायला लागलाय. आपल्याकडे रस्ते अरुंद आहेत हे खरं, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रस्ते नाहीतच. एक मोठा रस्ता आहे आणि त्याला द्राक्षाच्या घडासारख्या सोसायट्या लटकलेल्या आहेत. पाच एकर, सात एकर, दहा एकर, चारी बाजूंनी भिंत, एक गेट. आतले रस्ते खासगी. भाजी आणायला, मुलांना सोडायला, डॉक्टरकडे, कुठेही जायचं तर आधी त्या एकाच रस्त्यावर यायचं. मग तो बारा मीटर असो नाहीतर छत्तीस, तुंबणारच.

माझ्या मुलीची शाळा आमच्या मागच्या भिंतीपासून सरळ गेलं तर तीनशे मीटर. रस्त्याने एक किलोमीटर नऊशे मीटर, गाडीचा आकडा बघून सांगते. मध्ये फक्त शेजारच्या सोसायटीची भिंत आणि एक गल्ली. म्हणून आम्ही गाडीने सोडतो. आमच्यासारखे शंभर जण गाडीने सोडतात. मग आम्ही सगळे त्या रस्त्यावर अडकून 'रस्ता रुंद करा' म्हणतो.

मागच्या वर्षी मी प्रस्ताव मांडला होता. मागच्या भिंतीत चार फुटांचं दार करू, सकाळी आणि दुपारी दोन-दोन तास उघडं, सिक्युरिटी गार्ड उभा. दोन्ही सोसायट्यांनी खर्च वाटून घ्यायचा. बाजूने ११ मतं, विरोधात ६३. कारणं ऐकण्यासारखी होती. सिक्युरिटी. फ्लॅटचा रेट पडेल. आणि एका काकूंनी मनातलं बोलून टाकलं, "वस्तीतली पोरं आत येतील." त्याच वस्तीतून आपल्या घरी येणाऱ्या मावशी रोज तो पावणेदोन-दोन किलोमीटरचा वळसा पायी घालतात, फुटपाथ नसलेल्या रस्त्याने. त्यांना उशीर झाला की आपण ग्रुपवर 'मेड्सचं काहीतरी केलं पाहिजे' लिहितो.

(फुटपाथचं थोडं विषयांतर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात फुटपाथ मोकळा, अडथळ्याशिवाय किमान १.८ मीटर हवा. पुण्याचं स्वतःचं पादचारी धोरण २०१६ पासून आहे. आपल्या ठरावाच्या दोन पानांत 'फुटपाथ' हा शब्द एकदाही आलेला नाही. मी मोजलं.)

एकमेकांना जोडलेल्या गल्ल्या काही पुण्याला नवीन नाहीत. डेक्कनवरचे, प्रभात रोड, भांडारकर रोडच्या बाजूचे गल्लीबोळ आपल्याला इतके आवडतात, रविवारी तिथे मुद्दाम चालायला जातो, ते आपोआप झालेले नाहीत. मुंबई प्रांताने १९१५ साली नगररचनेचा कायदा केला. त्या कायद्याखाली भांबुर्ड्याला, म्हणजे आजच्या शिवाजीनगरला, नगररचना योजना (टाउन प्लॅनिंग स्कीम, टीपीएस) झाली. सगळ्यांच्या जमिनी एकत्र घ्यायच्या, प्रत्येकाने थोडी थोडी रस्त्यांना द्यायची, आणि उरलेली नीट आखलेला प्लॉट म्हणून परत घ्यायची. मुंबईत बोरिवलीत, वांद्र्यात अजून 'टीपीएस रोड' नावाने पत्ते लिहितात, ते तशाच योजनांचे. आधी गल्ल्यांचं जाळं आखलं, मग घरं आली. रस्ते फार रुंद नाहीत, पण एक बंद झाला तर दुसऱ्याने जाता येतं. आपल्याकडे आधी ब्रोशर आलं.

आता सगळ्यात नाजूक भाग. हा वाचून आमच्या सोसायटीतले चार लोक तरी माझ्याशी लिफ्टमध्ये बोलणं बंद करतील.

समोरचा रस्ता कागदावर १२ मीटर आहे. जागेवर मी आणि आमच्या विंगमधल्या दोन मुलांनी टेप लावून मोजला, भरला साधारण नऊ. मग तीन मीटर गेले कुठे? मी सोसायटीचा मंजूर नकाशा काढला. पुढच्या बाजूला पूर्ण लांबीची तीन मीटरची पट्टी, तिच्यावर स्वच्छ लिहिलंय, 'रस्ता रुंदीकरण'. बाजूच्या क्षेत्रफळाच्या तक्त्यात त्या पट्टीचा एफएसआय बिल्डरने घेतलेला आहे, आणि तो आपल्याच बिल्डिंगमध्ये वापरलेला आहे. म्हणजे आपण त्या जागेचे पैसे फ्लॅटच्या रूपाने खाऊन झालोय. आज त्या पट्टीवर काय आहे? लॉन. तीन फायकस. कंपाउंडची भिंत. आणि तो लाल बदामाचा 'आय लव्ह' वाला बोर्ड, ज्याच्यासमोर आपण सगळ्यांनी फोटो काढलेत, मीसुद्धा.

नकाशात दाखवलेली पट्टी आपण भिंतीच्या आत घेतली आणि शेतकऱ्याच्या शेतातले बारा मीटर मागतोय.

मी हे चेअरमनना फोनवर सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे फेडरेशनमध्ये काढू नका, बाकीच्या सोसायट्यांनीही तेच केलंय." म्हणजे बाकीच्यांना माहीत आहे.

टॉवरना विरोध करणाऱ्यांबद्दल मला राग नाही. पाण्याचा प्रश्न खरा आहे, ड्रेनेजचा खरा आहे, ओढा बुजवला जातोय तोही खरा आहे. त्यावर लढा, मी सही करायला पहिली. पण 'आम्ही आलो, आता दार लावा' या भाषेत नको. आपणही नऊ वर्षांपूर्वी कुणाच्या तरी ज्वारीवरच उतरलो होतो. आणि मार्च २०२२ नंतर किती काळ इथे नगरसेवक नव्हते, तेव्हा सोसायट्यांची पत्रं हाच आपला एक आवाज झाला. तोच आवाज आपण विचार न करता वापरायचा?

पुढच्या रविवारी पुन्हा मीटिंग आहे. मी तीन गोष्टी मांडणार आहे. आपली पट्टी आपण स्वतःहून मोकळी करायची, पत्र देऊन, नोटीस यायची वाट न बघता. मागच्या भिंतीतलं दार पुन्हा मतदानाला ठेवायचं. आणि गाव नकाशातल्या तुटक रेषा सरकारी मोजणीने जागेवर कुठे येतात ते बघायचं, खर्च फेडरेशनने करायचा. चोवीस मीटरचा ठराव मागे घेतला तर उत्तमच, पण तेवढी आशा नाही. अकरापेक्षा जास्त मतं पडली तरी मी पेढे वाटेन.

काकांना काल फोन केला, म्हटलं तुम्ही या, नकाशावर वाट तुम्हीच दाखवा. ते म्हणाले, "येतो की. पण गेटवर माझं नाव सांगून ठेवा, ताई. मागच्या वेळी वॉचमनने वीस मिनिटं बाहेर उभं केलं होतं."