युरियाने जिवाणू मेले म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

शेतकरी ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, बऱ्याच जणांना आला असेल. रासायनिक खतांनी जमिनीतले सगळे जिवाणू मेले, युरिया बंद करा, एकरी 200 लिटर जीवामृत सोडा आणि रान सतत ओलं ठेवा म्हणजे जिवाणू परत येतील. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असेल पण हे वाचून लोक उभ्या पिकाचं खत तोडतायत म्हणून लिहितोय.

आधी "सगळे मेले" हे बघू. मुळं युरिया जसाच्या तसा फार कमी घेतात. मातीतले जिवाणू युरिएज नावाचं एन्झाइम बनवतात, ते युरिया फोडून अमोनियम करतं, मग नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, पुढे नायट्रोबॅक्टरसारखे त्याचं नायट्रेट, आणि पीक मुख्यतः हे नायट्रेट आणि थोडं अमोनियम उचलतं. म्हणजे युरिया टाकल्यावर ऊस काळोखी धरतो तेच जिवाणू कामावर असल्याचं लक्षण आहे. इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात 1843 पासून एकाच रानात गहू घेतात, काही पट्ट्यांना एवढी वर्षं फक्त रासायनिक खत दिलंय, तिथेही गहू येतोय. हां, शेणखताच्या पट्ट्यात सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्या-शेणातला कार्बन) आणि जिवाणू कितीतरी जास्त आहेत, हे मान्यच करायला पाहिजे.

नुकसान होतच नाही असं मी म्हणत नाहीये. सोयाबीन-हरभऱ्याला नत्र (नायट्रोजन, युरियात असतं तेच) जास्त झालं की झाड मुळांवर रायझोबियम जिवाणूंच्या गाठी कमी धरतं, आयतं मिळतंय तर जिवाणूंना साखर कशाला देईल. फुलोऱ्याच्या सुमारास एक झाड मुळासकट खणून काढा, गाठ नखाने फोडा, आत गुलाबी असेल तर ती हवेतलं नत्र धरतेय. तसंच स्फुरद (फॉस्फरस) प्रमाणाबाहेर गेलं की मुळांना अन्न ओढून देणारी मायकोरायझा बुरशी कमी होते. पण कमी होणं वेगळं आणि मरणं वेगळं.

आता जीवामृत. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर बांधाची माती. शेणातले बरेच जिवाणू गाईच्या पोटातले, तिथे हवा नाही आणि 38-39 अंश ऊब, त्यांना उघड्या रानात टिकणं अवघड, आणि ग्रॅमभर मातीत आधीच कोट्यवधी स्थानिक जिवाणू बसलेत त्यांच्यापुढे नवख्यांचा निभाव लागत नाही. गूळ-बेसनाने स्थानिकांना चार दिवसाचं खाणं मिळतं, तेवढा उपयोग होतो, पण तेवढ्यावर उसाचं नत्र भागणार नाही.

रान सतत ओलं ठेवा हा सल्ला तर सगळ्यात घातक. वापसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची स्थिती, गेला की मातीतल्या पोकळ्यांत पाणी भरतं, हवा संपते, मग दुसऱ्याच जातीचे जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेटवर श्वास घेतात आणि त्याचा वायू करून उडवून देतात. खताचे पैसे हवेत जातात आणि पीक पिवळं पडतं.

जिवाणू वाढवायचेत तर त्यांना खाणं द्या, म्हणजे शेणखत, हिरवळीचं खत आणि उसाचं पाचट (वाळलेला पाला), जे आपण दरवर्षी पेटवतो. पाचटात कर्ब भरपूर पण नत्र अगदी कमी, त्यामुळे ते कुजवताना जिवाणूंना वरून नत्र लागतं आणि त्यासाठी पाचटावर थोडा युरिया टाकायची शिफारस आहे, तोच युरिया ज्याने जिवाणू मेले असं मेसेज सांगतोय.