बेल माझ्या दाराला, डोळा समोरच्या घरात

काल संध्याकाळी माझ्या दाराच्या चौकटीवर व्हिडिओ डोअरबेल बसवून झाली, बसवणाऱ्या मुलाने माझ्या मोबाइलवर तिच्या कॅमेऱ्यातले चित्र उघडून दाखवले, आणि त्यात समोरच्या घराचा अख्खा हॉल दिसला. मुलुंडच्या आमच्या इमारतीत समोरासमोरच्या दारांमधला पॅसेज जेमतेम पाच फुटांचा आहे आणि संध्याकाळी वारा यावा म्हणून सगळेच लाकडी दार उघडे टाकून नुसते जाळीचे दार लावून घेतात. समोरच्या आजी दिवाणावर बसून गुडघ्यांना तेल चोळत होत्या आणि फोनवर मुलीशी औषधांच्या खर्चाविषयी बोलत होत्या. त्यांचा शब्द न् शब्द माझ्या हातातल्या मोबाइलमधून ऐकू येत होता.

चित्रातला तेवढा भाग कायमचा झाकता येईल का, असे मी विचारले. या मॉडेलला ती सोय नाही, असे उत्तर आले. निदान आवाज टिपणे बंद करता येईल का, तर 'अ‍ॅपमध्ये असेल, बघा'. अ‍ॅपमध्ये ते नव्हते. चित्रण कुठे साठते, किती दिवस राहते आणि कंपनीतले कोण ते पाहू शकते, एवढेच मी पुढे विचारले, त्यावर स्क्रू आवळता आवळता तो म्हणाला, "मॅडम, लपवण्यासारखं काही नसेल तर एवढं टेन्शन कशाला घेता?"

या वाक्याने मला रात्रभर झोप लागली नाही. गुडघ्यांना तेल लावण्यात लपवण्यासारखे काय आहे? काहीही नाही, आणि तरीही ते पाहण्याचा, ऐकण्याचा आणि कुठल्यातरी सर्व्हरवर साठवून ठेवण्याचा अधिकार मला कोणीही दिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला, तेव्हा तो हक्क मागणाऱ्याने आधी आपल्याकडे लपवण्यासारखे काय आहे ते सांगावे, अशी अट घातलेली नव्हती. पण मला तो प्रश्न विचारला गेला, तोही माझ्या उंबरठ्यावर, माझेच पैसे घेऊन.

बेल घेताना लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मी तासभर उभी राहून हेच प्रश्न विचारले होते. खोक्यावर मेमरी कार्डाचे चित्र होते आणि 'सगळं घरातच राहतं' असे विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितले होते. घरी आल्यावर कळले की त्या कार्डावरचे चित्रण पाहायलाही कंपनीचे खाते आणि इंटरनेट लागते. घरातच साठवण होते असे सांगून विकल्या गेलेल्या युफी कंपनीच्या कॅमेऱ्यांमधली छायाचित्रे क्लाउडवर, म्हणजे घराबाहेरच्या सर्व्हरवर, जात असल्याचे २०२२ मध्ये उघड झालेच होते. ग्राहकांची खासगी चित्रणे कर्मचाऱ्यांना आणि कंत्राटदारांना पाहू दिल्याच्या आरोपावरून अ‍ॅमेझॉनच्या रिंग या डोअरबेल कंपनीला २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेशी ५८ लाख डॉलरची तडजोड करावी लागली. एवढे होऊनही ग्राहकाने विचारले की शंकेखोर ठरतो तो ग्राहकच.

आधीच काय कमी आहे? फाटकावर येणाऱ्या प्रत्येकाचा फोटो आणि मोबाइल नंबर घेतला जातो, भाजीवाल्या मावशींचाही. मागच्या गणपतीत लिफ्टच्या कॅमेऱ्यातली एका मुलीची क्लिप 'रात्री किती वाजता येतात पाहा' म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर फिरली आणि कमिटीतल्या एकालाही ती काढून टाकावीशी वाटली नाही. असल्या लोकांच्या हाती आता दारादारावरचा कॅमेरा येणार.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागूच होत नाही, म्हणजे माझ्या बेलविरुद्ध आजींनी त्या कायद्याच्या आधारे दाद मागायची म्हटली तरी दार बंद. इंग्लंडमध्ये २०२१ साली ऑक्सफर्डच्या न्यायालयाने अशाच शेजाऱ्याच्या तक्रारीत डोअरबेलच्या मालकाविरुद्ध निकाल दिला आणि दूरवरचा आवाज टिपला जाणे हे चित्रणापेक्षाही अधिक घातक असल्याचे म्हटले. आपल्याकडे आजींची राखण कोणी करायची? मीच, आणि त्यासाठी नको तो भाग झाकणारी, आवाज बंद करू देणारी आणि कंपनीच्या खात्याशिवाय चालणारी बेल मला हवी आहे. यातले एकही मागणे चैनीचे नाही.

मी ती बेल कालच काढायला लावली. चौकटीला दोन भोके पडली आहेत. दुकानदार म्हणतो, सील तोडल्यामुळे पैसे परत मिळणार नाहीत. फार तर दरमहा वर्गणीचे महागडे मॉडेल बदलून मिळेल, त्यात झाकण्याची सोय आहे. म्हणजे शेजाऱ्याच्या घरात न डोकावण्याचेही महिन्याला पैसे मोजायचे! उद्या बिल घेऊन मी पुन्हा लॅमिंग्टन रोडला जाणार आहे, आणि या वेळी माझ्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मला दुकानाच्या शिक्क्यासह लेखी हवे आहे.