‘पैसे घेतले आणि अर्ध्या वाटेतून परत आणलं’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

उत्तर स्वीडनमधल्या अबिस्कोच्या ट्रिपला तुम्ही दोन स्टार दिलेत. तुमचा आणि वहिनींचा विरस झाला, त्याबद्दल मनापासून माफी. डासांचंही मान्य. जुलैत लॅपलँडला डास असतातच, पण जाळीच्या टोप्या आम्ही कमी नेल्या, ती चूक आमचीच.

पण ‘तिथे सूर्य मावळतच नाही, मग त्रोलशन तळ्याच्या वाटेवरून परत का फिरवलं?’ हे वाचून झोप उडाली. सर, सूर्य मावळत नाही, पण गाडी सुटते ना! त्या लाइनवर दिवसाला मोजक्याच गाड्या. ‘सव्वासातला खाली या’ असं आदल्या रात्री मी स्वतः दार वाजवून सांगितलं होतं. तुम्ही रात्री एक वाजता ऊन पडलंय म्हणून व्हिडिओ काढत बसलात (पहिल्या वर्षी मीही काढले होते), आणि खाली आलात आठला पाच कमी असताना. बाकीचे नऊ जण बूट चढवून बाकावर बसलेले. तुम्हाला सोडून गेलो असतो तर त्याचाही रिव्ह्यू आलाच असता. पुढची गाडी थेट दुपारची. तळं उतरायच्या स्टेशनपासून जाताना साधारण पाच किलोमीटर, वर घराएवढे दगड, आणि तुमच्या पायात मॉर्निंग वॉकचे बूट! यादीत ‘वॉटरप्रूफ’ ठळक अक्षरात होतं. त्या दगडांशी गाइडने घड्याळ बघितलं आणि परतीची गाडी गाठायची म्हणून सगळ्यांना मागे वळवलं. मी असतो तरी तेच केलं असतं.

‘कुंग्सलेडेनच्या नावाखाली १५ किलोमीटरच चालवलं’ असंही लिहिलंत. कुंग्सलेडेन म्हणजे डोंगरातली लांब पायवाट. अबिस्को ते हेमावान ही अख्खी वाट सुमारे ४४० किलोमीटरची. आपला फक्त अबिस्कोयाउरेपर्यंतचा पहिला टप्पा, हे माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर आहे. पुढची खिंड ओलांडून निक्कालुओक्ता गावाला उतरायचं तर आठवडा हाताशी हवा, पाठीवर सॅक हवी. तो ग्रुप वेगळा.

तळं हुकलं म्हणून दुसऱ्या दिवशी नुओल्या डोंगराच्या चेअरलिफ्टची तिकिटं मी माझ्या खिशातून काढली. वरून लाप्पोर्टेनची ती इंग्रजी ‘यू’सारखी दरी लख्ख दिसत होती. तुम्ही खोलीवरच थांबलात. हे मात्र रिव्ह्यूत नाही.

आम्ही नवरा-बायको दोघंच हा व्यवसाय चालवतो आणि लोक हे वाचूनच फोन करतात, एवढं ध्यानात घ्या. वेळांचं पुढच्या वेळी काहीतरी बघतोच, टोप्याही वाढवतो.

वहिनींचा थर्मास आमच्या सामानात आलाय. ऑफिस रात्री आठपर्यंत उघडं असतं.