अर्धा गिलास

माझ्या उजव्या टाचेवर अजून पट्टी आहे. ती निघेपर्यंत साडूंचा फोन उचलायचा नाही, असं मी ठरवलंय. बायकोला वाटतंय, ऑफिसात काम वाढलंय.

मेहुणी आणि साडू पुण्याहून शनिवार-रविवार राहायला आले होते. कोल्हापुरात राहणाऱ्याकडं पाहुणे येतात म्हणजे काय होतं, ते इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. अंबाबाईची रांग, रंकाळ्यावर भेळ, दुपारी तांबडा-पांढरा, संध्याकाळी पन्हाळ्यावर जाऊन 'हवा काय मस्त आहे' म्हणायचं, आणि या सगळ्यात गाडी कुठं लावायची ते मी बघायचं. पाहुण्यांबरोबर मी अंबाबाईच्या रांगेत इतक्या वेळा उभा राहिलोय, आणि त्यातला एकही नवस माझा नव्हता. (पुणेकरांवरचे विनोद मी करत नाही. बायकोचं माहेर पुण्याचं आहे आणि सकाळचा डबा तीच भरते.)

या खेपेला साडूंना पायताण घ्यायचं होतं. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या एका बड्या फॅशनवाल्यांनी मिलानमध्ये असलीच पायताणं मॉडेलच्या पायांत घालून फिरवली, त्यावरून इकडं गदारोळ झाला, आणि तेव्हापासून साडूंना कोल्हापूरचा एकदम उमाळा आलाय. तीच पायताणं घालून आम्ही इतकी वर्षं त्यांच्या दारात उभे राहायचो, तेव्हा ते 'बाहेरच काढा हं, फरशीला तेल लागतं' म्हणायचे.

तर शनिवारी चप्पल लाईनीत दीड तास घासाघीस करून त्यांनी कापशी जोड घेतला. वाजणारा. दुकानदार म्हणाला, "दोन दिवस तेल पाजा, मग घाला. मऊ पडत्यात." साडूंनी तिथंच घातला. शंभर पावलांत अंगठा सोलला. पाहुणा लंगडायला लागल्यावर यजमानानं काय करायचं? माझं पायताण चार वर्षांचं, तेल पिऊन पिऊन लोण्यासारखं झालेलं. ते काढून त्यांना दिलं. त्यांचं नवंकोरं, एक नंबर मोठं, माझ्या पायात आलं. पाऊल टाकलं की कर्र. दुसरं टाकलं की कर्र. मागून ऐकणाऱ्याला वाटावं, कुणी फेटेवाला पाटील चाललाय. शनिवार सगळा आणि रविवारही मी असाच वाजत फिरलो.

रविवारी संध्याकाळी साडू म्हणाले, "ते म्हशीचं दूध समोर काढून देतात म्हणे, तिथं जाऊ."

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी आणून बांधतात. तुम्ही पैसे द्यायचे, गवळी खाली बसतो आणि धार थेट गिलासात. वर तीन बोटं फेस. तो फेस मिशीला लावून माणसं अशी उभी असतात, की वाटावं आत्ताच नगरसेवक झालीत.

मी दूध पीत नाही. हे वाक्य मी या गावात आजवर चारच माणसांपुढं उच्चारलंय, आणि त्यातला एक डॉक्टर आहे. लहानपणी आई पितळी पेला हातात देऊन समोर बसायची. त्यावरची साय ओठाला चिकटली की माझ्या अंगावर काटा यायचा. आई स्वयंपाकघरात वळली की पेला मोरीमागच्या जास्वंदीच्या बुडात. वर्षभर त्या जास्वंदीनं माझ्या वाटचं दूध प्यायलं आणि मग ती वाळली. आजोबांनी तिच्यावर कीड मारायचं औषध फवारलं. मी गप्प बसलो. आज इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच कबूल करतोय.

बायकोचं उलट. ती लग्न होऊन आली तेव्हा 'मी आले' म्हणायची. आता इथल्या बायकांसारखं 'आलो, आलो, थांबा' म्हणते. तिचं ते 'आलो' साडूंनी फोनवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांना वाटलं, मीच बायकी आवाज काढून बोलतोय. कट्ट्यावर ती मला न सांगता जाते, हे मला रविवारीच कळलं, कारण गवळ्यानं तिला विचारलंच नाही. सरळ मोठा गिलास काढला.

साडूंचाही मोठा. मेहुणी फोटो काढत होती. गवळ्यानं माझ्याकडं बघितलं. "सायबास्नी?"

"मला नको," मी हळूच म्हणालो आणि एक पाऊल मागं सरकलो.

कर्र.

त्या आवाजानं कट्ट्यावरची एक पाठ वळली. पाठ कसली, वाड्याचा दरवाजा. त्यावर मान नव्हती, थेट डोकं. दोन्ही कान तालमीत मोडून सुकल्या अंजिरासारखे झालेले. वय पंच्याहत्तरच्या पुढं, पांढरा लेंगा, हातात मेथीची जुडी डोकावणारी कापडी पिशवी. पायताणाचा आवाज ऐकून कुणीतरी वस्ताद आला, असं त्यांना वाटलं असावं. नजर माझ्या पायापासून निघाली, मोठ्या आशेनं वर चढत गेली आणि पोटापाशी येऊन दमली.

"कोन नको म्हनालं?"

"मी. म्हणजे, मी पीत नाही."

"काय?"

"दूध."

"उपास हाय?"

"उपासाला चालतंय की आबा," खालून गवळी म्हणाला. त्याला कुणी विचारलं होतं? त्याची धार थांबली तशी म्हैससुद्धा मान वळवून माझ्याकडं बघायला लागली.

"पावनं कुठलं म्हनायचं?"

हीच ती वेळ होती. 'पुण्याचा' म्हणालो असतो तर आबांनी दयेनं मान हलवली असती आणि विषय संपला असता. माझं तोंड उघडायच्या आत साडू मिशीवरचा फेस पुसत म्हणाले, "हे इथलेच. पाहुणा मी आहे."

"हितलं? कुठल्या पेठंतलं?"

"शुक्रवार."

"शुक्रवार पेठंत कुनाचं?"

या प्रश्नाला कोल्हापुरात खोटं उत्तर देता येत नाही. दिलंच तर तासाभरात घरी पोचतं. मी आजोबांचं नाव सांगितलं. आबांनी मेथीची पिशवी खाली ठेवली. मोठ्या माणसानं पिशवी खाली ठेवली की समजायचं, आता लवकर सुटका नाही.

"त्येंचा नातू तू? अरं, त्यो मानूस हितं हुबा ऱ्हाऊन दोन शेर दूध प्यायचा. गिलासानं न्हाई. तांब्यानं!"

आमचे आजोबा कचेरीत कारकून होते. माझ्या आठवणीत त्यांना साधी मुगाची खिचडी पचायची नाही. त्यांनी दोन शेर दूध प्यायलं असतं तर त्याच दिवशी त्यांच्या जागेवर भरती निघाली असती. पण आबांच्या डोळ्यांत त्या तांब्याचं असं काही तेज होतं, की मी आजोबांनाच ओळखत नसेन असं मला वाटायला लागलं.

"च्या पितोस?"

"हो."

"त्यात काय शाई घालत्यात?"

चारसहा माणसं जवळ सरकली.

"पेढा?"

"खातो."

"बासुंदी?"

"थोडी."

"दही?"

"दही चालतं."

"ताक?"

"ताक रोज."

आबा जमावाकडं वळले. "बगा. म्हशीचं समदं चालतंय ह्येला. फकस्त म्हस चालंना!"

हशा झाला. साडू सगळ्यात मोठ्यानं हसले, माझ्या पायताणात उभं राहून.

"खंचनाळे पैलवान १९५९ ला दिल्लीत पयले हिंदकेसरी झाले. ते काय कोरा च्या पिऊन?"

"नाही."

"शाहू म्हाराजांनी १९१२ ला खासबाग मैदान केलं. कशापायी?"

"कुस्तीसाठी."

"आनि कुस्ती कशाव?"

तोंडी परीक्षेत उत्तर येत असूनही सांगायला लाज वाटते, तसं झालं. "दुधावर," मी म्हणालो. आबांनी दोन बोटांत माझा दंड धरला आणि वांगं किडकं आहे का बघावं तसा दाबला. मग सोडून दिला. काही बोलले नाहीत. ते न बोलणं मला जास्त लागलं.

आता मलाही राग आला होता. तालमीत मी कधी गेलो नाही, पण हौदातली माती कशी करतात ते पेठेत वाढलेल्या कुणालाही ठाऊक असतं. म्हणालो, "आबा, तालमीच्या मातीतसुद्धा हळद, तेल, लिंबू आणि ताक घालतात. दूध नाही घालत."

एक क्षण शांतता पसरली. आपण जिंकलो, असं मला वाटलं.

"मग जाऊन लोळ त्यात," आबा म्हणाले. आणि गवळ्याला, "ह्येला बारका गिलास दे. माज्याकडनं."

तो बारका गिलास मी विसरणार नाही. खिळ्याला उलटा टांगलेला होता, स्टीलचा, माझ्या अंगठ्याएवढा उंच. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलं होतं, 'चि.', पुढं कुणाचं तरी झिजलेलं नाव, आणि 'बारसे'. गवळ्यानं तो पाण्यात बुचकळला, झटकला आणि त्यातही अर्धाच भरला. शेजारी फ्रॉकातली चारेक वर्षांची मुलगी मोठा गिलास दोन्ही हातांनी धरून गटागटा पीत होती. मधे थांबून तिनं माझ्या गिलासाकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिच्या आईनं तिला जवळ ओढलं.

मी प्यायलो. दूध म्हशीच्या अंगाइतकंच कोमट होतं, आणि त्या कोमटपणालाच माझी हरकत आहे. चहा गरम असतो, ताक गार असतं, त्यात तुमची आणि म्हशीची गाठ पडत नाही. इथं फेस नाकाला लागला, त्याला ओल्या पेंडीचा वास होता, आणि समोर ती उभीच होती, माझं मत काय झालं ते बघत.

"शाब्बास बाळ," आबा म्हणाले. मी शेचाळीस वर्षांचा आहे.

मग साडूंच्या पाठीवर थाप पडली. "पावनं पुन्याचं, पन गडी हाय!" साडूंनी दुसरा गिलास सांगितला. बायको म्हणाली, "मी पण घेतो."

रात्री दोन वाजता, दुसऱ्यांदा उठलो तेव्हा, मला सगळी उत्तरं सुचली. आबांना सांगायला हवं होतं, की दुधातली साखर पचवायला लॅक्टेज नावाचं एक विकर लागतं, ते बाळपणानंतर कमी कमी होत जातं, आणि जगातल्या निम्म्याहून अधिक मोठ्या माणसांचं असंच असतं. दह्याताकात ती साखर थोडीफार जिवाणूंनी आधीच संपवलेली असते, म्हणून ते सोसतं. म्हणजे मी बहुमतात आहे, आबा. पण रात्री दोनला संडासाच्या दारात बहुमत घेऊन करायचं काय?

आणि खरं सांगायचं तर पोटापेक्षा तो दाबलेला दंड जास्त दुखत होता. २०१९ च्या महापुरात आमच्या गल्लीत पाणी शिरलं. दुधाची गाडी येईना, पिशवीसाठी माणसं कासावीस झाली, त्यात निवांत असा मी एकटाच. पण शेजारच्या काकूंचा फ्रीज जिन्यानं वर कुणी नेला? याच दंडांनी, बिनदुधाच्या. तीन घरांची अंथरुणं, धान्याचे डबे, एक शिलाई मशीन आणि काकूंच्या सासूबाई, एवढं सगळं वर चढवलं. तेव्हा कुणी दाबून बघितलं नाही, ह्यात काय हाय म्हणून. या गावाला तुमच्या हातून काय झालं ते नको असतं, तुमच्या घशाखाली काय गेलं ते पाहिजे असतं. तिखट खातोस का, मटण किती, कट वरून घेतोस का, दूध कुठल्या कट्ट्यावर. मिसळीबरोबर मी तिसरा पाव घेतला नाही तर वाढणारा पोरगा 'तब्येत बरी न्हाई काय?' विचारतो. सोमवारी ऑफिसात आमच्या शिपायानं माझ्यापुढं चहा ठेवला आणि म्हणाला, "साहेब, आज बारक्या कपात आणलाय." तो गंगावेशीत राहत नाही. तो इचलकरंजीहून येऊन-जाऊन करतो!

तर पाहुणे सोमवारी पहाटे निघाले. मी डोळे चोळत बॅगा खाली आणल्या. साडू दारात नवं पायताण घालून बघत होते. दोन पावलं मागं, दोन पुढं.

"अरे, हे तर अगदी मऊ पडलंय की," ते म्हणाले. "तो दुकानदार उगाच घाबरवत होता."

मी टाच लपवली. ते कर्र कर्र करत गाडीपर्यंत गेले. मेहुणीनं काच खाली करून सांगितलं, की बारक्या गिलासाचा फोटो फारच गोड आलाय, ग्रुपवर टाकलाय, आणि दिवाळीला येतोच.

माझं पायताण पायरीवर होतं. त्याच्या अंगठ्यावर दुधाचा वाळलेला ठिपका, आणि त्याला मुंग्या.